पहिलं नको

खुबानीची बी पाट्यावर उभी धरून प्रियदर्शिनीनं बत्ता हाणला आणि समोर खुर्चीत बसलेल्या धाकट्या भावाला साहेबाच्या आवाजात विचारलं,

“हाच कोर्स का घेतला?”

“डेटा सायन्स इज द फ्यूचर, सर.” युवराजनं छाती पुढं काढली.

“काचेपलीकडं बाई असली तर?”

“मॅडम.”

“आणि मॅडमनी विचारलं, कुणाचं फ्यूचर, तर?”

युवराज छताकडं बघू लागला. अमीरपेटच्या कन्सल्टन्सीवाल्यांनी त्याच्याकडून एवढंच वाक्य घोटून घेतलं होतं, त्याच्या पुढचं काही सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी त्याचा अमेरिकेच्या व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. म्हणून आज संध्याकाळी बरकतपुऱ्याच्या घरात व्हिसाचा साहेब झाली होती त्याची मोठी बहीण, तीही जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात बियांचं ताट घेऊन.

खुबानी मालनबाईंनी सकाळीच भिजत घातली होती. पुण्याकडचे लोक हिला जर्दाळू म्हणतात आणि नुसतीच चघळत बसतात. हैदराबादेत तिचा मीठा करतात. शिजवून, घोटून, वर मलई, आणि बिया फोडून निघालेला गर सजवायला. लेकाचा व्हिसा होणारच म्हणून मालनबाई गोडाच्या तयारीला लागल्या होत्या. व्हिसा मिळवून देणारा देव म्हणून नावाजलेल्या चिलकूरच्या बालाजीला त्या आधीच जाऊन आल्या होत्या. बिया फोडायचं काम अर्थातच मुलीकडं आलं. दिवसभर ऑफिस करून आलेल्या बाईला घरी आणखी काम तरी काय असणार म्हणा!

“ताई, काही तरी भारी सांग ना,” युवराज म्हणाला. “तू कशी बोलतीस तसं.”

प्रियदर्शिनीनं बत्ता खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात मालनबाई फोनला विनवत होत्या.

“अरे, त्या परसोंच्या पेळ्ळीचा फोटो दाखव की जरा. शेजारच्या रंगम्माच्या पोरीचा. नक्को रे, हे नक्को!”

फोननं त्यांना कुठल्याशा हॉटेलचा रस्ता दाखवायला घेतला होता. परसों म्हणजे हैदराबादेत कालपासून मागचा कुठलाही दिवस, आणि पेळ्ळी म्हणजे लग्न. एका वाक्यात उर्दू, तेलुगू आणि मराठी नांदत होत्या. घरातल्या सगळ्यांना ते कळत होतं, फक्त फोनला कळत नव्हतं.

“ऐकलंस?” प्रियदर्शिनी म्हणाली. “हे सांग. माझी आई एका दमात तीन भाषा बोलते आणि मशीनला तिचं एक अक्षर कळत नाही, म्हणून ती मशीनसमोर स्वतःला अडाणी समजायला लागलीय. अडाणी ती नाही. तिचं बोलणं कुणी त्या मशीनला शिकवलंच नाही. ते शिकवायचं असेल तर काय करावं लागतं, हे मला शिकायचंय. इथं मी लोकांच्या ॲपमधल्या चुका शोधून देते. मला ते मुळापासून...”

ती थांबली. ‘मी’ आणि ‘मला’ तोंडातून निघून गेलं होतं.

“म्हणजे तू,” ती म्हणाली. “तू असं सांग.”

“कसलं भारी आहे!” युवराजनं टाळी वाजवली. “हेच सांगतो. परत एकदा बोल, रेकॉर्ड करून घेतो.”

आणि तिनं परत एकदा बोलून दाखवलं. हे उत्तर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून ती मनात घोळवत होती. कुणी विचारलं असतं तर झोपेतून उठून दिलं असतं.

“माझं लक्षात आहे ना?” रेकॉर्डिंग संपल्यावर तिनं हळूच विचारलं.

“हौ गं. माझा व्हिसा झाला की उद्याच नानांशी बोलतो. पुढच्या वर्षी तू. प्रॉमिस.”

“उद्याच?”

“लाइट घे ताई, एवढं मनाला नको लावून घेऊ. बोललो ना!”

नानांशी बोलायला हिला मध्ये भाऊ का लागावा, असं कुणीही विचारेल. नाना, म्हणजे तिचे वडील एकनाथराव, काही वाघ नव्हते. राणीगंजात त्यांचं पंपांचं दुकान होतं, माणूस बोलका, हसरा, आणि वाढायची भारी हौस. उदगीरकडची शेती सोडून त्यांचे वडील या शहरात आले, पण गावाकडची पंगत काही एकनाथरावांच्या हातून सुटली नाही. पाहुणा जेवायला बसला की पळी त्यांच्या हातात. पाहुण्याच्या ‘नको’ला त्यांनी आयुष्यात कधी किंमत दिली नाही. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्याला माणूस ताटावरचा हात काढतो, हे ते पोरांना हसत हसत सांगायचे. पोरंही तसंच शिकली. मावशीकडं गेलं, हातावर लाडू ठेवायला कुणी आलं, की आधी नको म्हणायचं. लगेच हात पुढं करणारं पोर हावरट.

आणि तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला नेमकं हेच आड आलं.

त्या दिवशी चिक्कडपल्लीचे प्रतापरावमामा जेवायला होते. त्यांचा सारंग नुकताच डॅलसला गेला होता, आणि मामांचं तेच पुराण चाललं होतं. एकनाथरावांच्या हातात बासुंदीची पळी होती. ते वाढता वाढता थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले,

“प्रिया, तुला जायचंय का गं तिकडं शिकायला? सांग. पाठवतो.”

प्रियदर्शिनीच्या कानशिलांत रक्त चढलं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की ताटावरून मान वर करवेना. आणि मामा, मामी, आई, भाऊ सगळे बघत असताना तिच्या तोंडून निघालं,

“नको.”

तेच नको. लाडवाचं, बासुंदीचं, नव्या साडीचं. आता नाना म्हणतील, अगं सांग की, लाजतीस काय. मग ती गप्प बसेल. मग ते तिसऱ्यांदा विचारतील आणि ती हो म्हणेल. हो तिनं जिभेवर धरूनच ठेवलं होतं.

“बघा प्रतापराव,” एकनाथराव खूश होऊन म्हणाले, “आमच्या पोरीला घराची किती ओढ! आमचा युवराज जाईल बघा.” आणि पळी पुढच्या ताटाकडं गेली.

ती हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहिली. रात्रीही वाट बघितली, दुसऱ्या दिवशीही. आठवड्यानं आईला म्हणाली, मला खरं तर जायचंय. मालनबाईंनी कपाळाला हात लावला. “मग तेव्हा तोंडात काय भरलं होतं? आता त्यांनी चार माणसांत सांगून टाकलंय. त्यांचा शब्द खाली पाडतीस का?” बोलायला हवं होतं की पोरीनं, भांडायला हवं होतं! पण ती भांडली नाही. एकनाथराव मात्र तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगायचे, मी मुलगा-मुलगी भेद करत नाही, मी आधी पोरीला विचारलं, तीच नको म्हणाली. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि म्हणूनच तिला त्यांचा फार राग यायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. साडेअकराच्या सुमाराला युवराजचा फोन आला आणि घरात एकच गलका झाला. व्हिसा झाला! मालनबाई देवापुढं गेल्या. एकनाथरावांनी दुकानातून येताना प्रतापरावमामांनाही उचलून आणलं. प्रियदर्शिनीला खरोखर आनंद झाला. युवराज घरी आला तेव्हा तिनं त्याचे केस विस्कटले आणि त्याच्या कानात म्हणाली, “आता माझं.” त्यानं डोळा मारला.

सगळे जेवायला बसले. एकनाथराव बसले नाहीत, त्यांना वाढायचं होतं.

“हं, सांग आता सगळं,” मामा म्हणाले. “काय काय विचारलं?”

“बाईच होती,” युवराज म्हणाला. “ताईनं बरोबर ओळखलं होतं. म्हणाली, हाच कोर्स का? मी आईचं सांगितलं. तीन भाषा, फोनला कळत नाही, अडाणी ती नाही... बाई हसायलाच लागली. म्हणाली, माझ्या आजीचंही असंच आहे.”

“माझं सांगितलं?” मालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

“शाब्बास!” एकनाथराव म्हणाले. “असं डोकं पाहिजे.”

प्रियदर्शिनीनं भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला. युवराजनं तिच्याकडं बघून हात जोडल्यासारखं केलं.

“मग?” मामांनी विचारलं.

“मग जरा फसलो होतो. म्हणाली, शिकून परत येशील कशावरून? आईवडिलांना कोण बघतं? हे आमच्या तयारीत नव्हतंच. पण सुचलं एकदम.” युवराजनं पापड मोडला. “म्हटलं, माझी मोठी बहीण आहे. तिला बाहेर जायचंच नाही, तिला आधी विचारलं होतं, ती नको म्हणाली. ती कायम त्यांच्याजवळ राहणार आहे. घर तिथं आहे, मी परत येणारच. बाईनं टकटक काही तरी टाइप केलं आणि म्हणाली, काँग्रॅच्युलेशन्स.”

“वा! खरं तेच बोललास,” एकनाथराव म्हणाले. “खऱ्याला मरण नाही.”

“युवराज,” प्रियदर्शिनी म्हणाली.

“अगं, तिथं तसंच बोलावं लागतं ताई. एका मिनिटाचा खेळ असतो.”

“तू काही तरी सांगणार होतास नानांना. आज.”

युवराजनं पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मामा त्याच्याकडं बघत होते, आई बघत होती. तो पाणी प्यायला.

“नंतर बोलू ना,” तो म्हणाला.

पण आज प्रियदर्शिनी थांबली नाही.

“नाना, मला पण जायचंय शिकायला. पुढच्या वर्षी. आत्ता तो बाईंना जे कारण सांगून आला ना, ते माझं आहे. कधीपासून माझंच आहे.”

मामांचा घास हातात राहिला. एकनाथरावांनी आधी तिच्याकडं आणि मग मालनबाईंकडं बघितलं. ते रागावले नाहीत, त्यांना खरंच नवल वाटलं.

“आता? अगं, परवाच तर विचारलं होतं तुला. हेच प्रतापराव होते. तूच नको म्हणालीस.”

परवा म्हणजे तीन वर्षं. या घरात परवाही परसोंसारखाच होता.

“म्हणाले होते मी.”

“मग? मी कधी तुझ्या मनाविरुद्ध काही केलं का? नको म्हणालीस, विषय संपला. परत एका शब्दानं छेडलं नाही तुला.”

“हौ,” ती म्हणाली. “परत नाही विचारलं.”

“आणि ताई, आता लगेच नक्को ना,” युवराज घाईघाईनं म्हणाला. “ते सगळं कंप्यूटरवर असतं. मी सांगून आलोय तू जाणार नाहीस म्हणून. तू उद्या तिथंच जाऊन उभी राहिलीस तर मी खोटा पडेन. माझंच काही तरी लफडं होईल.”

“हे बरोबर आहे,” मामा म्हणाले. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

“याचं शिक्षण होईपर्यंत तरी गप्प बस बाई,” मालनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते कुणासाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं. “मग बघू काय ते. आजच्या दिवशी नको हे.”

झालं. इतक्यावर बोलणं मिटलं. मामांनी सारंगच्या नव्या गाडीचं काढलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. एकनाथराव आत जाऊन खुबानीच्या मीठ्याचं पातेलं घेऊन आले. युवराजला वाढला, मामांना वाढला, मामांनी नको नको म्हटलं तरी पुन्हा वाढला. मग ते प्रियदर्शिनीच्या ताटाशी आले.

तिनं ताटावर हात आडवा धरला.

“नको.”

“नको काय! तूच बिया फोडल्यास आणि तूच नको?”

“नको नाना. खरंच.”

एकनाथराव मोठ्यानं हसले. मघाचं सगळं त्यांना मिटवून टाकायचं होतं, आणि मिटवायची त्यांना ही एकच रीत येत होती.

“अगं, एकदा नको म्हटलं म्हणून वाढायचं थांबतात का आपल्यात?”

आणि त्यांनी पळी रिकामी केली. मीठा तिच्या हातावर पडला, बोटांमधून ताटात उतरला. तिनं हात हलवला नाही. मालनबाई “अगंबाई, हात तरी काढ!” म्हणून ओरडल्या. युवराज हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून थांबला.

“नाना,” ती म्हणाली, “मग अजून एकदा विचारा.”

“काय?”

“दसऱ्याला विचारलं होतं ते. तसंच. सगळ्यांच्या समोर.”

एकनाथराव पळी धरून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, तशीच राहिली. दसऱ्याचं ते नको पहिलंच होतं, हे त्यांना कळलं होतं. ते कळायला आयुष्यभर पंगती वाढलेल्या माणसाला वेळ लागत नाही. त्यांनी युवराजकडं बघितलं, मामांकडं बघितलं. पळीतून एक ओघळ फरशीवर पडला.

मग त्यांनी मलईची वाटी उचलली.

“मलई घालू का वरून?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

प्रियदर्शिनीनं ताटावरचा हात काढून घेतला.

“घाला,” ती पहिल्याच विचारण्याला म्हणाली.