उन्हात बसवलेला ड्रॅगनराजा

थाङ पादरी आमच्या लोकांच्या धर्मावर पुस्तक लिहीत होते आणि मी त्यांना चिनी शिकवत होतो. थाङ हे नाव मीच दिलेलं. मूळचं नाव आमच्या जिभेला झेपणारं नव्हतं. मी सरकारी परीक्षेत इतक्यांदा नापास झालो होतो, की शिकवण्याखेरीज दुसऱ्या कशाला लायक उरलो नव्हतो.

त्या वर्षी पाचवा महिना कोरडा गेला, सहावाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. तेव्हा माझे काका, लुआन तशुन, यांनी रीतीप्रमाणे ड्रॅगनराजाला देवळाबाहेर काढलं. हा आमचा पावसाचा देव. त्याची रेशमी झूल उतरवली, त्याला भर चौकात उन्हात बसवलं आणि वाळुंजाच्या फांदीनं पाठीत दोन सपकन दिल्या.

"बस इथं! जरा शेकून निघ. आत गारव्यात बसून तुला काय कळणार?"

काका देवळाचे प्रमुख असल्यामुळे शिव्यांचा पहिला मान त्यांचा. मग बाकीच्या गावानं आपापलं मन मोकळं केलं.

पादरीबुवा हे लांबून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. "मास्तर, यांची श्रद्धा संपली!"

"दर दुष्काळात संपते, साहेब," मी म्हटलं.

पण त्यांच्या पुस्तकाला शेवटचं प्रकरण हवं होतं आणि ते आता चौकात बसलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते प्रस्ताव घेऊन आले. मिशनकडे जमिनीत खोल भोक पाडायचं यंत्र होतं. गावाला विहीर खणून देतो, म्हणाले. बदल्यात ही टाकून दिलेली मूर्ती द्या. विलायतेत काचेच्या कपाटात ठेवू. तुम्ही नाही म्हणालात, तर यंत्र शेजारच्या शांगवा गावी जाईल.

हे सगळं ते छत्रीखाली उभं राहून, डोक्यावर टोप घालून बोलले. पाऊस मागायच्या दिवसांत आमच्याकडे कुणी डोकं झाकत नाही. देवाचा उगाच समज व्हायचा की सगळं ठीक चाललंय.

"आधी ते डोक्यावरचं काढा," काका म्हणाले. "छत्रीपण मिटा. त्याच्यासमोर सावलीत उभं राहून बोलायचं नाही."

पादरीबुवांनी टोप काढला. थोड्याच वेळात ते मुळ्याच्या लाल जातीसारखे दिसू लागले.

सगळ्यात जास्त जमीन काकांची, म्हणजे सगळ्यात जास्त ज्वारीही त्यांचीच जळत होती. शेवटी काकांचा शेजारी यिन पुढं झाला. "तशुनदादा, देऊन टाक की. लाकूडच आहे. पाणी आलं की नवा करू."

"नवा?" काका उसळले. "नव्याला शिव्या कशाबद्दल द्यायच्या? त्यानं काय केलंय?"

यिनला हे सुचलं नव्हतं.

"पण तुम्हीच त्याला मारलंत!" पादरीबुवा म्हणाले. "बाहेर फेकलंत!"

"माझ्या थोरल्याला मी जुगारापायी दोनदा घराबाहेर काढलंय. तेव्हा नाही आलात कपाट घेऊन?"

चौकात हसू फुटलं. काकांचा थोरला मुलगा मात्र वाळुंजाच्या झाडाचं निरीक्षण करू लागला.

"असं करा," काका म्हणाले, "तुमचापण देव आणा. दोघांना शेजारी बसवू. ज्याच्यानं पाऊस पडेल, त्याला देवळात ठेवू."

"आमच्या प्रभूची परीक्षा घ्यायची नसते."

"झालं तर मग. आमचा निदान शिक्षा भोगतोय. विहीर मला हवीय, बुवा. खोटं कशाला बोलू? पण माझ्या घरचं भांडण तुम्ही विकत घ्यायचं नाही. चला, टोप घाला आता, आजारी पडाल."

यंत्र शांगव्याला गेलं. तिथल्या देवळाचा ड्रॅगनराजा पादरीबुवांना मिळाला. तो आमच्या देवापेक्षा देखणा होता. विहिरीला गोड पाणी लागलं. आमच्याबद्दल त्यांनी पुस्तकात लिहिलं, 'श्रद्धा नष्ट झाली आहे, केवळ हट्ट शिल्लक आहे.' या दोहोंत फरक काय, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी त्या दिवसाची शिकवणी लवकर संपवली.

पाऊस आला नाही. यिननं काकांशी बोलणं टाकलं. काका रोज खांद्यावर कावड घेऊन शांगव्याहून पाणी आणू लागले. तिथले लोक हसायचे. काका त्यांच्याकडे न बघता बादल्या भरायचे. देव अजून चौकातच होता, झूल नसलेला, रंगाचे पोपडे सुटलेला. काकूनं एकदा त्याला सावलीत सरकवायचं म्हटलं, तर काका तिच्यावर खेकसले.

परतताना मात्र ते चौकात कावड उतरवायचे, एक ओंजळ पाणी देवाच्या पायांवर ओतायचे आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "पी! परक्या विहिरीचं आहे. लाज वाटू दे जरा!"