अण्णांना मी थांबवलं

माझं काम थांबवण्याचं आहे. आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाजवळच्या औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. बॅचबद्दल जरा शंका आली की पिवळं लेबल लावायचं: होल्ड. मग माझी सही होईपर्यंत एकही खोका जागचा हलत नाही. थांबल्याने कुणाचं नुकसान होत नाही, असं आमच्या धंद्यात मानतात. मीही मानायचे.

२०२१च्या मार्चमधल्या एका रविवारी आयर्लंडने कोरोनाची एक लस देणं तात्पुरतं थांबवलं. काही जणांच्या रक्तात गुठळ्या झाल्याच्या बातम्या होत्या. त्याच दिवशी सांगलीहून अण्णांचा, माझ्या वडिलांचा फोन आला. अडुसष्ट वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले.

"योगिनी, उद्या माझा नंबर लागलाय लसीचा. दवाखाना जवळच हाय, गर्दी बी न्हाई."

लस तीच होती. तिकडे फक्त नाव वेगळं.

"अण्णा, थांबा," मी म्हटलं. "इथे होल्डवर टाकलीय. चौकशी होऊ दे, मग घ्या."

"तू त्यातली हायेस. तू म्हणतीस तर थांबतो बघ."

झालं, एवढंच बोलणं. उंटावरून शेळ्या हाकायला मला कुणी बोलावलं नव्हतं. इथे लाट ओसरत होती आणि तिकडे चढत होती. थांबायचं इथल्यांना परवडणार होतं, अण्णांना नाही. पण शहाणपणा अंगात मुरलेला ना! कारखान्यातलं लेबल मी सरळ बापाला चिकटवलं.

आठवड्याच्या आत इथे लस पुन्हा सुरू झाली. मी लगेच फोन केला, "अण्णा, आता घ्या." तोवर तिकडे रांगा लागल्या होत्या. एप्रिलमध्ये अण्णा तीनदा पहाटे जाऊन उभे राहिले आणि तीनदा "लस शिल्लक नाही" ही पाटी वाचून परत आले. तिसऱ्या रांगेनंतर ताप भरला. बाराव्या दिवशी गेले. मला जाता आलं नाही. माझ्या भावाला, विलासलाही शेवटचं तोंड लांबूनच दाखवलं.

इथली माणसं चांगली. शेजारच्या ब्रीडाने दारात ब्राऊन ब्रेड ठेवला, आणि वर फोन करून रडली. सगळ्यांकडे माझ्यासाठी एक कारण तयार होतं: श्रीमंत देशांनी लस दाबून ठेवली, म्हणून तुझे वडील गेले. ते खोटं नव्हतंच. गरजेच्या कितीतरी पट डोस आधीच मागवून ठेवलेले देश होते, आणि त्याचा संताप मलाही येतो. पण त्या संतापाच्या आड मी मुकाट लपले. आईलाही काही सांगितलं नाही. रोज फोन करायचे, जेवलीस का विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

जूनअखेर आमच्या कारखान्यातल्या डर्वलाने कॅन्टीनमध्ये एक अर्ज फिरवला. जास्तीचे डोस सरकारने ज्या देशांत लस नाही तिकडे ताबडतोब पाठवावेत, असा.

"पहिली सही तुझी," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांसाठी."

ज्या सहीने माल सुटतो तीच सही मी केली. डर्वलाने पाठीवरून हात फिरवला. मला तिची कीव आली, आणि स्वतःची किळस.

त्याच आठवड्यात माझा नंबर लागला. पोर्टलीशच्या लसकेंद्रात अकराची वेळ होती, अकरा वाजून चार मिनिटांनी सुई टोचून झाली. पाटी नाही, रांग नाही. पंधरा मिनिटं खुर्चीत बसायला सांगितलं आणि मला हुंदका आवरेना. एक म्हातारे स्वयंसेवक धावत आले. "यू आर ग्रँड, लव्ह," म्हणाले, काही होत नाही बाळा, अशा अर्थाने. त्यांना वाटलं, मी सुईला घाबरले.

बाहेर गाडीत बसून आईला फोन लावला.

"आई, अण्णांचा मार्चमध्ये नंबर लागला होता. ते गेले नाहीत, कारण..."

"गुडघा दुखत हुता त्यांचा."

"गुडघा नाही गं. मी थांबवलं त्यांना. मी सांगितलं, घेऊ नका."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर हुता. मी शेंगा फोडत शेजारीच बसले हुते."

मी गाडीच्या काचा वर केल्या.

"दवाखान्यात नेताना मला म्हणाले, कुणी इचारलं तर गुडघ्याचं सांग. पोरीचं नाव काढू नगंस. ती काळजीनं बोलली. विलासला बी न्हाई सांगितलं मी."

म्हणजे धाप लागलेली असताना ते माझी काळजी करत होते. मी गाडीत ओरडून रडले. आईने रडू दिलं. फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं.

"ऐक. दोन म्हैनं वाट बघून आज माझा लसीचा नंबर लागलाय. उद्या सकाळी नऊला बोलावलंय. तू त्यातली हायेस. जाऊ न्हवं?"

"जा, आई," मी म्हटलं. "आठलाच जाऊन उभी राहा."