धाच्या धा जित्ती

“ह्या रंगनाथला येडपट करायचं नाही, कल्याण,” नीलांबरी सिस्टर मला दटावून म्हणाल्या. “तू तोंडं वाकडी केलीस की लोक हसतील, आणि साप चावला की पुन्हा भगताकडेच जातील.”

मी आरोग्य केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर. सिस्टरांनी सर्पदंशावर पथनाट्य लिहिलं आणि त्यातला, मंत्राने विष उतरवणाऱ्या भगताची बाजू घेणारा रंगनाथ माझ्या गळ्यात मारला. बावीस वर्षं राजूरच्या डोंगरात नोकरी केलेली बाई. लोक ओट्यावर बसून जे बोलत, तेच त्यांनी रंगनाथच्या तोंडी घातलं होतं. त्याचं म्हणणं चुकीचं आहे हे कळत होतं, पण चुकतंय कुठे ते मला सापडेना. गेल्या पावसाळ्यात वरच्या वाडीची दोन माणसं भगताकडून उशिरा निघाली आणि माझ्याच गाडीत दगावली. तरीसुद्धा, खोटं कशाला बोलू, पाठ करता करता मला रंगनाथ पटायला लागला होता.

प्रयोग त्याच वाडीत, देवळापुढे होता. मी छाती काढून म्हणालो, “साप चावल्याव भगताकडं गेल्याली धा मानसं मी सोता इचारली. धाच्या धा जित्ती! एक तरी मेल्याला भेटला का मला?”

टाळ्या पडल्या. नाटकात डॉक्टर झालेली पूजा पुढे मला खोडून काढणार होती, पण तिचं आता कोण ऐकणार? वाडी हातची गेली असं वाटलं. सिस्टर मात्र शांतपणे लोकांकडे बघत होत्या.

तेवढ्यात पुढ्यात बसलेल्या आक्काबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

“मेल्याला कसा भेटंल रं तुला?” त्या म्हणाल्या. “माजा मालक भगताकडंच गेल्ता. त्याला इचारलं व्हय तू?”

मग मागून एक बाई म्हणाली, “माजी चंद्री.”

“आमचा हनुमंता,” पाराजवळून कोणीतरी म्हणालं.

नावं येतच राहिली. चार ओळींच्या चुकीच्या बोलण्याने अख्ख्या वाडीची गेलेली माणसं देवळापुढे आणून उभी केली होती. पूजा आपली वाक्यं विसरून रडत होती.

मी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि नावं संपेपर्यंत हात जोडून उभा राहिलो.