डोळ्यांच्या हॉस्पिटलातली मळमळ

"मळमळेल, डोकं जड होईल, पाळी पुढे-मागे होईल. त्याला घाबरायचं नाही. पण दोन तासांच्या आत उलटी झाली, तर गोळी वाया गेली असं समजायचं आणि तडक इथे यायचं. लाजून बसायचं नाही. कबूल?"

औषधाच्या दुकानातल्या बाईने काउंटरवरून वाकून तिला सांगितलं होतं. तिने नुसती मान हलवली, तर ते बाईला चाललं नाही. "तोंडाने बोल." मग ती "कबूल" म्हणाली होती आणि तिथेच पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळून कामावर आली होती.

आता हॉस्पिटलच्या लिफ्टच्या कोपऱ्यात, लिफ्टवालीच्या स्टुलावर, तोंडाला रुमाल लावून ती स्वतःवरच चरफडत होती. सकाळचा चहा, दोन बिस्किटं आणि ती गोळी, सगळं नुकतंच तळमजल्याच्या बेसिनमध्ये गेलं होतं. गोळी घेऊन तासही झाला नव्हता.

तोंड धुता धुताच तिने नवऱ्याला फोन लावला होता.

"घेतलीस ना? मग झालं तर!"

"झालं नाही. उलटीत पडली."

"अगं, अशी कशी ओकलीस?" जशी काही ती हौसेने ओकली होती.

"दुसरी घ्यावी लागेल. तुम्ही आणून देता का?"

"मी? तिथे काउंटरला बाईमाणूस असतं. मला कसंतरीच होतं गं."

"मलाही कसंतरीच होतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कंडोम फाटला त्यात दोघांचाही दोष नव्हता. पण पुढची सगळी पळापळ मात्र एकटीच्या गळ्यात. धाकट्याच्या वेळी रक्त थांबता थांबलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, "तीन वर्षं नाही म्हणजे नाही. पुढच्या खेपेला बाई हाती लागेल असं मी म्हणणार नाही." धाकटा अजून रांगतच होता. आणि त्या बाळंतपणाच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने देवाला शब्द दिला होता, की वाचले तर तोंडातून खोटं काढणार नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की हात जोडून ती तो शब्द नव्याने देई. आजवर तो निभावला होता. शेजारणीला "साडी कशी दिसते?" याचं उत्तर देतानासुद्धा.

लिफ्ट तिच्याशिवाय हलत नसे. आत येणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांवर पट्टी. त्यांना मजला कुठला आणि दार कुठलं, हे सांगणार कोण? दुसरी लिफ्ट बंद पडलेली. किल्ली कुणाच्या हाती द्यायची तर सुपरवायझर साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब वरच्या केबिनमध्ये. त्यांच्याशी बोलायचं ते भिंतीतल्या स्पीकरवर, म्हणजे सगळ्या लिफ्टच्या साक्षीने. इथे औषधांचं दुकान होतं, पण तिथे डोळ्यांत घालायच्या थेंबांपलीकडे काही मिळत नसे. डॉक्टर उठता-बसता भेटत, तेही बुबुळांपलीकडे न बघणारे.

तिने स्पीकरचं बटण दाबलं. "साहेब, अर्धा तास बाहेर जायचंय. बदली पाठवता?"

"कारण?" स्पीकर खरखरला.

लिफ्टमध्ये एक सिस्टर, बादली घेतलेली झाडूवाली मावशी आणि दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेले एक आजोबा, मुलाचा हात धरून.

"बरं वाटत नाहीये."

"बरं कुणाला वाटतंय इथे? जेवणाच्या सुट्टीत बघू."

जेवणाची सुट्टी! जितका उशीर, तितका गोळीचा जोर कमी, हेही त्या बाईने बजावलं होतं. लिफ्ट वर निघाली आणि तिचं पोट खालीच राहिलं.

"पित्त आहे तुला," सिस्टर म्हणाली. "उपाशी राहतेस ना?"

"नाही हो."

मावशीने बादली खाली ठेवली, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि डोळे मिचकावले. "पित्त कसलं डोंबलाचं! कितवा महिना गं?"

सिस्टर खुदकन हसली. तिच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. दिवस राहू नयेत म्हणून गोळी घ्यायची, आणि सोंग मात्र दिवस गेल्याचं वठवायचं! या गोळीने डोकं ठणकवलं होतं, छाती दुखवली होती, उभं राहिलं की अंधारी आणली होती. जे करायचं ते करायला मात्र ती पोटात थांबली नव्हती.

तिने पुन्हा बटण दाबलं. "साहेब, सुट्टीपर्यंत जमणार नाही. आत्ताच जायला हवं."

"अगं, मग नीट सांग ना. जुलाब लागलेत का? तसं असेल तर हो म्हण, लगेच माणूस पाठवतो. उगाच बरं वाटत नाही म्हणून लिफ्ट सोडता येत नाही."

साहेबांनी खोटं आयतं हातात ठेवलं होतं. एक "हो" म्हटलं की सुटका. तो "हो" अगदी जिभेवर आला. दुकानातल्या बाईला दिलेला शब्द पाळायचा, तर देवाला दिलेला मोडायचा! तिला दोघांचाही राग आला. त्याहून जास्त नवऱ्याचा.

"जुलाब नाहीत, साहेब," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण थरथरत नव्हता. "मूल राहू नये म्हणून सकाळी गोळी घेतली होती. ती उलटीत गेली. दुसरी घ्यायला जायचंय."

मावशीने खालची बादली उगाच उचलून पुन्हा खाली ठेवली. आजोबांचा मुलगा छताकडे पाहू लागला.

"अगं... हे असलं स्पीकरवर बोलायचं असतं का?"

"कारण तुम्ही स्पीकरवरच विचारलंत, साहेब."

बरीच खरखर झाली. मग, "खाली थांब. पाठवतो."

"बाई," पट्टीवाले आजोबा म्हणाले, "मी तरी काही पाहिलेलं नाही. सावकाश जा."

इतक्या वेळात पहिल्यांदा तिला हसू फुटलं. त्याबरोबर पुन्हा उमळून आलं, म्हणून तिने ते रुमालात दाबलं.

तळमजल्यावर बदलीवाला उभा होता. किल्ली घेताना त्याने नजर बुटांवर ठेवली. मावशी मागून आली, पदराच्या गाठीतून लवंग काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "गोळीनंतर तोंडात धर. आणि माझं ते मघाचं बोलणं... जाऊ दे, तू नीघ आधी."

पिशवीत फोन वाजू लागला. नवरा असणार, "मिळाली का?" असं विचारायला. तिने तो वाजू दिला. रुमालाची घडी घातली, पदर सारखा केला आणि उन्हातून, पोट सांभाळत, कुणाला वाट न विचारता ती सकाळच्या त्या काउंटरकडे चालू लागली.