वापितीला हाक मारणारी नळी

मित्रांनो, व्हॅक्युम क्लीनरची वळ्यावळ्यांची, गांडुळासारखी लवचीक नळी तुम्ही पाहिली असेल. मी तशीच एक जुनी नळी आहे. माझ्या बरोबरीच्या नळ्यांनी जन्मभर गालिच्यातली धूळ ओढली. माझ्या नशिबी मात्र रानातल्या राजाला हाक मारण्याचं काम आलं. निदान यायचं होतं. त्याचीच ही गोष्ट.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी मोरेश्वर नावाचे फार्मासिस्ट राहतात. त्यांची पत्नी सुलेखा इस्पितळात नर्स आहे. मुलगी इशिता २००१ साली सात वर्षांची होती. त्या वर्षी सुलेखाताईंच्या व्हॅक्युम क्लीनरने धूर सोडला आणि तो कायमचा बंद पडला. मोरेश्वर तो फेकायला निघाले, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या टेडनी कुंपणावरून हाक दिली, "थांब, मो! ती नळी मला दे!"

टेडचं आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलं होतं. मोरेश्वरांना धनुष्य धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी मला हातभर लांबीची कापली, तोंडाशी पाइपचा तुकडा बसवला आणि त्यावर डॉक्टरी हातमोज्याच्या बोटाचं रबर ताणून बांधलं. ते रबर थरथरलं, की माझ्यातून आवाज निघे. आधी खोल घुमणारा, मग चढत चढत शिट्टीसारखा बारीक होणारा, आणि शेवटी दोन-तीन हुंकार. वापिती नराची ही ललकारी!

वापिती म्हणजे अमेरिकेतलं एल्क, घोड्याएवढं थोराड हरीण. शंभरेक वर्षांपूर्वी ते इथे आणून सोडलं आणि दक्षिणेकडच्या फिऑर्डलँडच्या डोंगरांत ते रमलं. बंदूकवाला लांबूनही नेम धरतो. धनुष्यवाल्याला मात्र जनावर अगदी जवळ यावं लागतं. म्हणून योग्य काळ निवडायला हवा. इथे मार्चमध्ये पानगळीचे दिवस सुरू होतात. मार्चच्या आरंभी नर क्वचितच ओरडतात. महिनाअखेरीस ते इतके पेटलेले असतात, की दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की भांडायला धावत येतात. एप्रिलमध्ये ते थकतात आणि कड्यांवर बर्फ पडू लागतं.

आणखी एक गोष्ट टेडनी शिकवली. हे काम एकट्याचं नाही. धनुष्यवाला पुढे लपतो आणि हाक देणारा बराच मागे बसतो. नर आवाजाच्या रोखाने बघत येतो, म्हणून पुढच्या माणसाकडे त्याचं लक्ष जात नाही.

याची तालीम नदीकाठच्या पार्कात व्हायची. टेड डोक्यावर दोन फांद्या धरून वापिती व्हायचे. मोरेश्वर झाडाआड उभे राहायचे. हाक द्यायला आधी सुलेखाताईंना बसवलं, पण त्या हसत सुटल्या. मोरेश्वरांनी फुंकलं, तर कुकरची वाफ गेल्यासारखा आवाज आला. मग इशिता म्हणाली, "कॅन आय ट्राय, बाबा?"

तिने मला ओठांशी धरलं आणि मित्रांनो, मला माझा आवाज पहिल्यांदा सापडला! नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. टेडच्या हातातल्या फांद्या खाली पडल्या.

"गुड ऑन या, गर्ल! मो, तुला जोडीदार मिळाली. तिला येत्या मार्चलाच घेऊन जा."

"पुढच्या वर्षी बघू," मोरेश्वर म्हणाले. "योग्य वेळ येऊ दे."

मोरेश्वर मोठे सज्जन. पण त्यांना कुठल्याही कामाला उत्तम मुहूर्त लागायचा. फिऑर्डलँडच्या दऱ्या शिकाऱ्यांना चिठ्ठ्या टाकून वाटतात. मोसमाचे चार टप्पे असतात आणि कुठला टप्पा हवा ते आधी सांगायचं असतं. मोरेश्वर दर वर्षी मार्चअखेरचा तिसरा टप्पाच मागत. सगळ्या शिकाऱ्यांना तोच हवा असे, म्हणून यांची चिठ्ठी काही निघत नसे.

"पहिला टप्पा माग, सहज मिळेल," टेड म्हणायचे. "नर कमी ओरडतील, पण पोरगी रान तरी बघेल."

"जायचं तर नीटच जायचं ना, टेड."

सुलेखाताई स्वयंपाकघरातून टोला हाणत, "लग्नाचेसुद्धा तीन मुहूर्त नाकारले होते यांनी! चौथ्याला मीच म्हटलं, आता नाहीतर राहू द्या!"

इशिता मात्र रोज शाळेतून आली की मला घेऊन मागच्या अंगणात बसायची. लहान नराची उतावीळ हाक, म्हाताऱ्याची घोगरी हाक, सगळ्या तिला साधल्या. दर वर्षी रबर वाळून कडक व्हायचं आणि ती बाबांकडून नवा हातमोजा मागून घ्यायची.

२००५च्या मार्चमध्ये फोन वाजला. एका गटाचं जाणं रद्द झालं होतं आणि दुसऱ्या टप्प्यातली एक दरी रिकामी होती. हवी का? इशिता तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने पलंगावर बॅग उघडली, लोकरी टोपी टाकली, मला दोन मोज्यांमध्ये गुंडाळून ठेवलं.

मोरेश्वर फ्रिजवरच्या मराठी कॅलेंडरसमोर उभे राहिले. त्याच दिवसांत होळी पौर्णिमा होती. चांदणं असलं की वापिती रात्रभर चरतात आणि उजाडायच्या आत झाडीत जाऊन बसतात, असं शिकारी मानतात.

"मो, वापितीला कॅलेंडर वाचता येत नाही रे," टेड कळवळून म्हणाले.

"बट बाबा, यू सेड धिस इयर! आय'म ऑल पॅक्ड!"

"इशू, पौर्णिमा आहे गं. एवढं लांब जाऊन रिकामं का यायचं? पुढच्या वर्षी बघू."

ती रडली नाही. तिने टोपी कपाटात ठेवली. मला मात्र तिने बाहेर काढलं नाही, बाबांनीच काढलं आणि गॅरेजच्या खिळ्याला टांगलं. त्यानंतर मागचं अंगण गप्प झालं. माझ्या वळ्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं. टेडचे गुडघे गेले आणि ते पापाकुराला लेकीकडे राहायला गेले.

मग २००९ साली चिठ्ठी निघाली. तिसरा टप्पा, ऐन अमावास्या! मोरेश्वर नाचतच घरात आले. "इशू, निघायचं! या वेळी सगळं जुळून आलंय!"

पंधरा वर्षांच्या इशिताने मान वर केली. "दॅट वीक? बाबा, आय'व्ह गॉट नेटबॉल ट्रायल्स. अँड आय हॅवन्ट डन इट इन इयर्स."

ती रागावली नव्हती, मित्रांनो. नुसतं खरं तेच सांगत होती. बाबांनी तिला आग्रह केला नाही.

मोरेश्वरांनी मला पुसून नवं रबर बांधलं. सोबत धनुष्यबाणाच्या क्लबातले दोघे होते, पण ते एकमेकांचे जोडीदार. त्यांनी एक ओढा धरला आणि मोरेश्वर एकटेच दुसऱ्या ओढ्याने वर गेले. गुढीपाडव्याची सकाळ होती. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, याला पंचांगही बघावं लागत नाही. धुकं वर सरकत होतं, ओलं शेवाळ गुडघ्याला लागत होतं आणि चारही अंगांनी नर ललकारत होते. सगळं टेड सांगायचे तसंच.

मोरेश्वरांनी मला फुंकलं. आवाज कुकरसारखाच निघाला, पण नर इतके पेटले होते, की एकाने तेवढ्यालाही उत्तर दिलं. फांद्या मोडत तो खाली आला. मोरेश्वरांनी मला शेवाळावर टाकलं आणि धनुष्य ताणलं. नर नेच्यांच्या पलीकडे थांबला, शिंगांवर पाण्याचे थेंब घेऊन. हाक जिथून आली होती, नेमकं तिथेच त्याने रोखून पाहिलं. आणि तिथे मोरेश्वर होते.

एक उडी आणि रान रिकामं झालं.

मोरेश्वरांनी प्रत्यंचा हळूच सैल केली. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, हाक देणारी जिथे बसायला हवी होती तिथे. बराच वेळ ते तिकडेच बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी इशितासमोर धरलं. "इशू, पुढच्या मार्चला येशील? कुठलाही टप्पा चालेल. पहिलासुद्धा. पौर्णिमा असली तरी."

इशिता जन्मभर बाबांना इंग्रजीतूनच उत्तर देत आली होती. त्या दिवशी तिने शुद्ध मराठीत, अगदी मायेने उत्तर दिलं.

"पुढच्या वर्षी बघू, बाबा."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं, ते मोरेश्वरांना ठाऊक होतं.

आता मी पुन्हा खिळ्याला आहे. रबराला भेगा पडल्यात. त्याचं मला दुःख नाही, रबर बोटभर हातमोज्याने बदलता येतं. पण मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी बॅग भरून, टोपी घालून तयार बसलं असेल, तर कॅलेंडरकडे बघत उभे राहू नका. चांदणं असेल, पाऊस असेल, वापिती मुके असतील. तरी त्यांच्याबरोबर निघा. आणि हो, एखाद्या सुट्टीत गॅरेजमध्ये डोकावलात आणि तिथे माझ्यासारखी एखादी नळी टांगलेली दिसली, तर तिला नुसती पुसून परत ठेवू नका. तिला एकदा फुंका.