दीक्षितपुऱ्याचा अभिराम

जबलपुरात बावीस वर्षं घरोघर जाऊन शिकवण्या केल्या आणि मला आईबापांची शिसारी आली. पोराला माझ्यापुढे बसवतात आणि आत जाऊन टीव्ही लावतात. बाकी सगळं सरांनी बघायचं. तरी माझी एक ऐट होती. प्रत्येक पोराला मी वेगळं औषध देतो, असं मी सांगत फिरायचो. एक रागावल्याशिवाय हलत नाही, दुसरा गोड बोलल्याशिवाय वही उघडत नाही. चेरीताल मोहल्ल्यातल्या दुर्वाला मी ईर्षेचं औषध लावलं होतं.

दुर्वा दहावीत. सप्टेंबरात शाळेचा फॉर्म द्यायचा होता, त्यात सोपं गणित की पूर्ण गणित ते लिहायचं. सोपं घेतलं की तिच्या शाळेत अकरावीला गणित मिळत नाही, आणि तिला तर घरांचे नकाशे काढायचे होते, आर्किटेक्ट व्हायचं होतं. डोकं होतं, स्वतःवर भरवसा नव्हता. मग मी सुरू केलं, "दीक्षितपुऱ्यात माझा एक अभिराम आहे. त्याने हेच गणित सात मिनिटांत सोडवलं."

धादांत खोटं. अभिरामला ते गणित आलंच नव्हतं. त्याच्या घरी मी सांगायचो की चेरीतालची दुर्वा हे सहा मिनिटांत करते. दोघंही मरमर करायला लागले. मार्क वाढले. दुर्वाची आई, अर्चनावहिनी, सगळ्यांना माझं नाव सुचवायच्या आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

जबलपुरात मराठी घरं ती किती, एवढीही अक्कल मला राहिली नव्हती. वर्षभर एकमेकांना न भेटणारी माणसं मंडळाच्या गणपतीत एकाच पंगतीला बसतात. आरती झाली, पानं मांडली आणि दुर्वाच्या समोर नेमका अभिराम बसला. वाढणाऱ्या कुणीतरी त्याला नावाने हाक मारली आणि दुर्वाने मान वर केली. मी दोन पानं सोडून होतो.

"तू अभिराम ना? सात मिनिटवाला?"

"मी? तूच सहा मिनिटांत करते म्हणे. सर रोज तुझंच नाव घेऊन राहिले."

"मला तर वीस लागतात. कभी कभी तो होता ही नहीं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अभिरामला हसू आलं, त्याला गंमत वाटली. दुर्वा हसली नाही.

"त्या गणितापायी मी दोन दिवस रडली होती, सर," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं ना त्यांनी," अर्चनावहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिली?" पोरीच्या आईनेच माझी बाजू घेतली, आणि माझी मलाच किळस आली. पानातला शिरा तसाच राहिला.

तीन दिवसांनी शिकवणीला गेलो. मनोऱ्याची उंची काढायचं गणित तिने करून ठेवलं होतं. आकृतीत मधूनच एक रेघ ओढली होती आणि चार ओळींत उत्तर. मी दीड पान घालवून शिकवतो ते. बावीस वर्षांत ही रीत मला कुणी दाखवली नव्हती.

"दुर्वा, असं मी कुणाचंच पाहिलं नाही. माझंसुद्धा नाही. तू पूर्ण गणित घे." यातला शब्द न् शब्द खरा होता.

तिने वही मिटली. "अच्छा. आज अभिरामलाही हेच सांगाल ना?"

मी शपथ घ्यायला गेलो. माझ्या शपथेला त्या घरात आता काय किंमत होती? तिने फॉर्म पुढे सरकवला. सोप्या गणितापुढे खूण झाली होती, खाली आईची सहीही होती.

वहिनींनी चहा आणून ठेवला. "सर, सोप्यालाही शिकवणी लागेलच ना?"

मी हो म्हणालो, आणि तो चहा प्यायलो.