माझ्या पोटातला खून

मित्रांनो, माझ्या पोटात एक खून आहे. घाबरू नका. मी एक जुनी इंग्रजी रहस्यकादंबरी आहे, आणि पोटात खून असल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणाला मानच मिळत नाही. पण त्या खुनापायी जन्मभराची तळमळ नशिबी आली. खुनी कोण हे मला पहिल्या पानापासून ठाऊक, आणि शेवटचं पान येईपर्यंत तोंड उघडायची बंदी. अशा जिवाला स्वस्थता कुठून लाभणार?

माझा जन्म लंडनचा, लढाईच्या दिवसांतला. कागदाची टंचाई होती, म्हणून अंगाने मी किरकोळ. इकडे येताना बोटीच्या कप्तानाने मला हातात घेतलं आणि तो इतका गुंगला की मुंबई मागे पडली, बोट थेट कोचीनच्या वाटेला लागली. खलाशी असं घडलंच नाही म्हणतात. त्यांचं मनावर घेऊ नका, त्यांना मी वाचायलाच मिळाले नव्हते. पुढे महाबळेश्वरच्या एका मडमेच्या उशाशी मी राहिले. सेहेचाळीस साली साहेब लोकांनी बांधाबांध सुरू केली, मडमेच्या सामानाचा साताऱ्यात लिलाव झाला आणि चहादाणीच्या टोपलीत तळाशी बसून मी विष्णुपंतांच्या घरी आले.

विष्णुपंत म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर खऱ्या खुनांचे कागद हाताळूनही त्यांची भूक राहून गेली होती. खऱ्या खटल्यात साक्षीदार फुटतात, तारखा पडतात, आणि शेवटी घडलं काय ते देवाला ठाऊक. माझ्यात तसं नाही. सगळा पुरावा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मांडलेला असतो, आणि कितीही वळसे घेतले तरी अखेर खरं बाहेर पडतंच. विष्णुपंत सकाळी मला वाचत आणि दुपारी गोदावरीबाई तांदूळ निवडायला बसल्या की त्यांना गोष्ट मराठीत सांगत. विलायती नावं बाईंच्या जिभेवर ठरेनात, म्हणून दोघांनी मिळून सगळ्यांचं बारसं केलं. लंगडणारा मेजर झाला तात्याबा. आणि माझ्यात एक फार सज्जन गृहस्थ आहेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करणारे. तो डॉक्टर की वकील की देवळातला पाद्री, हे मी मेले तरी सांगणार नाही. विष्णुपंत म्हणाले, "हा अगदी आपल्या मधूसारखा. ह्याला मधुकरच म्हणू." गोदावरीबाई खूश झाल्या. खरा मधुकर त्यांचा एकुलता एक मुलगा, माधवनगरच्या कापडगिरणीत कारकून.

मी निम्मी वाचून झाले आणि विष्णुपंतांचे मोतीबिंदू पिकले. मिरजेला ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ते घरी आले. पट्टीचं दुःख नव्हतं. गोष्ट अर्धवट राहिल्याचं होतं. अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारली. विनोदिनी सांगलीची, मॅट्रिक झालेली. ह्या घरात आल्यापासून तिचं इंग्रजी ट्रंकेत घडी करून ठेवलेलं. गोदावरीबाईंनी परवानगी दिली, पण पट्टी सुटेपर्यंतच. "मग हे खुनाचं बाड बंबात घालायचं. लक्ष्मीच्या घरात असलं नको."

ऐकलंत ना, मित्रांनो? वाचायचं आणि मग जळायचं. माझी पानं वारा नसताना फडफडायला लागली.

सासऱ्यापुढे बसायची रीत नव्हती. विनोदिनी स्वयंपाकघराच्या दाराआड बसे, डोईवर पदर, मांडीवर मी. डोळ्यांनी इंग्रजी वाची आणि तोंडाने मराठी सांगे. बाहेर विष्णुपंत पलंगावर, गोदावरीबाई सुपापाशी, आणि पायरीवर दूध घालायला येणारा कोंडीबा धनगर. पण मोठी पंचाईत पहिल्याच दिवशी झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तिने तोडगा काढला. गोष्टीत मधुकर आला की ती म्हणे, "मग इकडून जिना चढणं झालं. इकडून टोपी काढणं झालं."

कोंडीबाला काही केल्या उलगडा होईना. "वैनीसाब, ह्यो इकडून कोन म्हनायचा? लय हिंडतोय समद्या घरात."

गोदावरीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला तर परक्या घरात पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या.

कोंडीबाने हळूहळू दूध सर्वांत शेवटी आमच्याकडे घालायला सुरुवात केली, म्हणजे बसायला सवड मिळे. त्याचा धाकटा भाऊ बिराप्पा पलटणीत होता, ब्रह्मदेशाकडे गेला तो परतलाच नाही. एकदा तो आपणहून बोलला. "आमचा बिराप्पा कुटं पडला, कुनी इचारलं न्हाई. हितं एक म्हातारा मेला तर समदा गाव इचारतोय, कुनी मारला, का मारला. बरं वाटतं ऐकाया." मी पुष्कळ देश पाहिले, पण माझं इतकं नेमकं कौतुक कुणी केलं नाही.

आता विनोदिनीचं ऐका. मधुकर माधवनगरला एका खोलीत राही, खानावळीत जेवे आणि शनिवारी घरी येई. तिकडे बिऱ्हाड करावं, एवढीच तिची इच्छा. सासूबाई म्हणाल्या होत्या, बघू पट्टी सुटल्यावर. सगळं त्यांच्या मर्जीवर. आणि एका दुपारी, सगळे पडलेले असताना, तिने माझं शेवटचं पान उघडलं. मी आवळून धरलं होतं, पण माणसाच्या बोटांपुढे पुस्तकाचं काय चालणार? तिने वाचलं आणि मला पटकन मिटलं. खून त्या सज्जन गृहस्थांनी केला होता. म्हणजे इकडून.

सासूच्या तोंडावर तिच्या लेकाला खुनी ठरवायचं आणि मग त्याच्याबरोबर बिऱ्हाडाला पाठवा म्हणायचं? विनोदिनी रात्री दिवा बारीक करून तेच पान पुन्हा पुन्हा उघडी. माझीही झोप उडाली. ती मला बदलणार, हे मी ओळखलं होतं.

शेवटचं प्रकरण शनिवारी संध्याकाळी आलं. पट्टी सोमवारी सुटणार होती. विनोदिनीने पान उलटलं आणि सांगितलं, "खून तात्याबाने केला."

पायरीवरून कोंडीबा म्हणाला, "खुनी भितीवरनं चढून आला, आन् त्या बिचाऱ्याचा पाय अधू. वल्या भितीवर त्यो चढंल कसा?" विष्णुपंत पट्टीआडून म्हणाले, त्या वेळी तात्याबा स्टेशनवर होता, हमालाची साक्ष आहे. गोदावरीबाईंनी सूप खाली ठेवलं. "तात्याबाला दूध पचत नाही, हे तूच वाचलंस. मग मेलेल्याच्या खोलीतलं अर्धा पेला दूध प्यायलं कुणी? सूनबाई, यमाईची शपथ आहे. लिहिलंय ते वाच."

दाराआडून अगदी बारीक आवाज आला. "खून... इकडून झाला."

"असं चालायचं नाही," विष्णुपंत म्हणाले. त्यांच्यातला शिरस्तेदार उठून बसला होता. "निकालात इकडून-तिकडून लिहीत नाहीत. नाव लागतं."

विनोदिनी उठली. पदर सारखा केला, मला छातीशी धरलं, दारात आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली,

"औंधच्या डोंगरावर यमाईचं ठाणं,
मधुकररावांनी खून केला, खरं माझं म्हणणं."

त्याच क्षणी उंबऱ्यात पायताणं वाजली. हातात भडंगाचं पुडकं घेऊन मधुकर उभा होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, पट्टी बांधलेले विष्णुपंतसुद्धा. त्याने काय झालं म्हणून विचारलं.

"काय न्हाई, धाकलं मालक," कोंडीबा गंभीरपणे म्हणाला. "तुमीच केलंय म्हनं."

विष्णुपंत इतके हसले की पट्टी सरकते की काय अशी भीती वाटली. गोदावरीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या लेकाला न्याहाळत होत्या, त्याच्या सुकलेल्या गालांपासून तुटलेल्या बटणापर्यंत. विनोदिनीचं काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडत होतं, ते मी अजून विसरले नाही.

"त्याने केला तरी का?" त्यांनी विचारलं.

विनोदिनीने सांगितलं की तो फार वर्षं एकटा राहिला होता. घरी बोलायला कुणी नाही, वाटेल ते मनात साठत गेलं.

गोदावरीबाईंनी मान हलवली. "तेच म्हणते मी. खानावळीचं खाऊन माणूस बिघडायचाच. सूनबाई, सोमवारी ह्यांची पट्टी सुटली की तू माधवनगरला जा. लक्ष ठेव ह्याच्यावर." मग सूप पुन्हा मांडीवर घेत, "आणि तिकडे असलं आणखी एखादं मिळालं तर येताना घेऊन ये."

सोमवारी बंबात गोवऱ्या जळल्या. मी विनोदिनीच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत झोपून माधवनगरला गेले.

आता मी म्हातारी झाले. कसरीने माझी पाठ खाल्ली आहे, एकशे बावन्नाव्या पानावर कोंडीबाच्या दुधाचा डाग आहे. तरी शेवटाशी आले की जीव अजून वर-खाली होतो. मित्रांनो, मला ओलीपासून जपा, माझे कान दुमडू नका, शेवटचं पान आधी उघडू नका. आणि तो सज्जन गृहस्थ नेमका कोण हे कळलं, तर लगेच शेजारी सांगत सुटू नका. फारच पोटात मावेनासं झालं, तर निदान उखाण्यात सांगा.